वेदी नसलेले चॅपेल : मुंबई विद्यापीठाच्या रंगीत काचा

विद्यापीठ आणि चॅपेल हे दोन शब्द मराठी वाचकाच्या मनात सहसा शेजारी बसत नाहीत. आमच्या नगर जिल्ह्यात (२०२४ पासून अधिकृत नाव अहिल्यानगर) विद्यापीठ म्हटले की राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ डोळ्यांसमोर येते. १९६८ मध्ये ते स्थापन झाले. ऊस, बाजरी, गाईंच्या जाती यांच्या संशोधनात प्रार्थनामंदिराला काय काम, असाच प्रश्न कोणीही विचारील. युरोपात मात्र विद्यापीठ जन्मले तेच धर्मसंस्थेच्या ओसरीवर. पदवीच्या दिवशी आपण आजही जो झगा अंगावर चढवतो तो मुळात मध्ययुगीन पाद्र्याचा पोशाख आहे, आणि 'दीक्षान्त' हा आपला संस्कृत प्रतिशब्दसुद्धा पुरता ऐहिक नाही. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या प्रत्येक जुन्या कॉलेजात भोजनगृह, ग्रंथालय आणि चॅपेल अशी त्रयी असते. त्यातले चॅपेल ओळखायचे ते उंच, रंगीत काचांच्या खिडक्यांवरून.

या परंपरेची एक शाखा समुद्र ओलांडून मुंबईच्या ओव्हल मैदानाच्या कडेला येऊन रुजली, आणि रुजताना तिच्यातून नेमका देव तेवढा वगळला गेला. ही गोष्ट मला वास्तुशास्त्राची कमी आणि आपल्या वैचारिक इतिहासाची अधिक वाटते. नगरकराला तिच्याशी काय देणेघेणे, असे कोणी म्हणेल. पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये सुरू होईपर्यंत आमच्या जिल्ह्यातून जो कोणी पदवीधर होई, तो बहुधा मुंबई विद्यापीठाचाच असे. १९४७ मध्ये डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज काढले तेव्हाही हा जिल्हा मुंबई विद्यापीठाच्याच कक्षेत होता. मराठी पदवीधर नावाची जी काही जात एकोणिसाव्या शतकात तयार झाली, तिचे माहेर म्हणजे ती रंगीत काचांची इमारत.

पण त्या इमारतीकडे वळण्यापूर्वी नगरच्याच एका विरोधाभासाकडे पाहू. ख्रिस्ती धर्म आणि शिक्षण यांचा इतका दाट संबंध मुंबई-पुण्याबाहेर क्वचितच कुठे आला असेल. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरात ठाणे मांडले. मुलींची शाळा, छापील पुस्तके, पुढे बोर्डिंगे आणि कॉलेज हा सारा विस्तार त्यातून झाला. तरीही चित्रमय खिडकीची परंपरा या मंडळींनी आपल्यासोबत आणली नाही, कारण ती त्यांची नव्हतीच. हे मिशनरी न्यू इंग्लंडच्या प्युरिटन लोकांचे वारसदार. त्यांच्या प्रार्थनागृहाचा आदर्श म्हणजे पांढऱ्या भिंती, साध्या पारदर्शक काचा आणि मधोमध प्रवचनाचे व्यासपीठ. चित्राने मन विचलित होते, शब्दाने ते स्थिर होते, ही त्यांची धारणा होती. मग नगरच्या ख्रिस्ती मंडळींना रंग कुठून मिळाला? माझ्या मते तो भाषेतून मिळाला. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा १८९५ मध्ये बाप्तिस्मा झाला आणि त्यांच्या आयुष्याचा मोठा काळ नगरात गेला. त्यांनी अभंग, ओवी आणि कीर्तन ख्रिस्ती उपासनेत आणले. चार्त्रच्या कथीड्रलमध्ये अक्षरशून्य शेतकऱ्याला जे काम खिडकी करून दाखवी, ते नगरात टाळ-मृदंगाने केले. अमेरिकन संयम आणि वारकरी रसिकता यांची ही सांगड स्वतंत्र लेखाचा विषय आहे. असो.

मुंबईत याच्या अगदी उलट घडले. तिथे चॅपेलचे सारे रूप आले, पण उपासना आली नाही.

सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट हे व्हिक्टोरियन इंग्लंडचे बहुधा सर्वांत व्यग्र वास्तुविशारद. पाद्र्याचा मुलगा, बायबलच्या प्रसिद्ध भाष्यकाराचा नातू आणि गॉथिक शैलीचा कट्टर पुरस्कर्ता. ऑक्सफर्डच्या एक्सेटर कॉलेजचे चॅपेल त्यांचेच. ते १८५९ मध्ये पूर्ण झाले आणि पॅरिसच्या सेंत-शापेलवरून ते बेतलेले आहे. सेंत-शापेल म्हणजे फ्रान्सच्या नवव्या लुईने बांधवून घेतलेले, १२४८ मध्ये पवित्र केले गेलेले असे राजमंदिर, ज्याच्या वरच्या मजल्यावर दगडी भिंत जवळजवळ उरलेलीच नाही. आहे ती काच. त्यानंतर स्कॉट यांनी केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजचे नवे चॅपेल बांधले. त्याचे उद्घाटन १८६९ च्या मे महिन्यात झाले. एका टोकाला बहुकोनी गर्भगृह, त्यात उंच खिडक्या, खिडक्यांत बायबलमधील प्रसंग, असा त्याचा थाट आहे. हेच ते कॉलेज, जिथे पुढे दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे शिकले आणि १८९९ मध्ये सीनियर रँग्लर झाले. रँग्लर परांजपे आयुष्यभर कडवे बुद्धिवादी राहिले. स्कॉटच्या बायबलचित्रित खिडक्यांच्या सावलीत एका मराठी नास्तिकाने गणित सोडवावे, या योगायोगाची मला नेहमीच गंमत वाटत आली आहे.

त्याच काळात स्कॉट यांच्या लंडनच्या कचेरीतून मुंबई विद्यापीठाच्या दोन इमारतींचे आराखडे तयार झाले : दीक्षान्त सभागृह, आणि ग्रंथालयासह घड्याळाचा मनोरा. स्कॉट हिंदुस्थानात कधीच आले नाहीत. नकाशे बोटीने आले. प्रत्यक्ष बांधकाम मुंबई सरकारचे लेफ्टनंट कर्नल जेम्स फुलर यांच्या देखरेखीखाली झाले, आणि त्यांचे साहाय्यक अभियंते होते रावबहादूर मकुंद रामचंद्र. या मराठी माणसाचे नाव इमारतीच्या इतिहासात दोन ओळींत आटोपते. त्यांच्याविषयी पुढे बोलायचे आहेच.

सभागृह १८७४ मध्ये पूर्ण झाले. लांबी १०४ फूट, रुंदी ४४ फूट, छताच्या शिखरापर्यंत उंची ६३ फूट. एका टोकाला भव्य कमान आणि तिच्यापलीकडे ३८ फूट व्यासाचे अर्धवर्तुळ. तिन्ही बाजूंनी आठ फुटी सज्जा. उंच टोकदार खिडक्यांतून रंगीत काचा, आणि सुमारे वीस फूट व्यासाची एक वर्तुळाकार खिडकी. चर्चच्या परिभाषेत अशा वर्तुळाला गुलाब-खिडकी म्हणतात. कुर्ल्याचा पिवळसर दगड, पोरबंदरचा मऊ, कोरीवकामास सोयीचा दगड. शैली पंधराव्या शतकातील फ्रेंच गॉथिक. कोणाही युरोपियन माणसाला डोळे बांधून आत आणले आणि पट्टी सोडली, तर तो आपोआप आवाज खाली आणील, इतके ते दालन चॅपेलसारखे आहे. अर्धवर्तुळाच्या जागी वेदी असायला हवी. तिथे असतात खुर्च्या : कुलपती, कुलगुरू आणि फेलो मंडळींच्या.

ही रिकामी वेदी म्हणजे वास्तुविशारदाची तडजोड आहे, की तिच्यामागे काही विचार आहे? मला वाटते, विचार आहे आणि तो इमारतीच्या आधीचा आहे. १८५४ च्या वुडच्या खलित्यातच स्पष्ट नमूद होते की हिंदुस्थानातील नियोजित विद्यापीठांच्या परीक्षांत धर्मश्रद्धेशी निगडित विषय असणार नाहीत. १८ जुलै १८५७ रोजी मुंबई विद्यापीठाचा कायदा झाला. उत्तरेत बंडाचा वणवा पेटला असताना इथे लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर एक परीक्षा घेणारी संस्था जन्माला आली. लंडनचा नमुना हे महत्त्वाचे. कारण ऑक्सफर्डमध्ये १८५४ पर्यंत आणि केंब्रिजमध्ये १८५६ पर्यंत इंग्लंडच्या धर्मपीठाची तत्त्वे मान्य केल्याशिवाय बी.ए.ची पदवीसुद्धा मिळत नसे. एम.ए. आणि फेलोशिप यांवरची ही धर्माची अट १८७१ च्या कायद्याने उठली. आता तारखा शेजारी ठेवून पाहा. महादेव गोविंद रानडे १८६२ मध्ये बी.ए. आणि १८६४ मध्ये एम.ए. झाले. रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक या पहिल्या चार पदवीधरांना कोणीही त्यांचा धर्म विचारला नाही. त्याच वर्षी ऑक्सफर्डमध्ये एखादा ज्यू किंवा कॅथलिक एम.ए. होऊ शकत नव्हता. वसाहतीत मिळालेली ही मोकळीक मातृभूमीत सात-आठ वर्षांनी मिळाली, ही बाब आपल्या शालेय इतिहासात कुठे येत नाही. ती यावी. साम्राज्याचे गोडवे गाण्यासाठी नव्हे, तर इतिहास सरळ रेषेत चालत नाही हे मुलांना कळावे म्हणून.

आणखी एक तपशील. सभागृहाच्या कामाला सुरुवात झाली त्या सुमारास, १८६८ पासून, विद्यापीठाचे कुलगुरू होते डॉ. जॉन विल्सन, म्हणजे स्कॉटिश मिशनरी, ज्यांच्या नावाचे कॉलेज गिरगाव चौपाटीवर आजही उभे आहे. कुलगुरू मिशनरी, वास्तुविशारद पाद्र्याचा मुलगा. तरी वेदी आली नाही. पैसा कोणाचा होता हेही पाहायला हवे. सभागृहासाठी एक लाख रुपये दिले सर कावसजी जहांगीर रेडीमनी या पारशी दानशूराने. थॉमस वूलनर यांनी घडवलेला त्यांचा पुतळा विद्यापीठाच्या आवारात बसलेला आहे. ग्रंथालयासाठी आणि मनोऱ्यासाठी १८६४ मध्ये प्रत्येकी दोन लाख दिले ते प्रेमचंद रायचंद यांनी, जे जैन होते. अमेरिकेतील यादवीमुळे कापसाचे भाव आकाशाला भिडले होते तेव्हाचा हा पैसा. १८६५ मध्ये यादवी संपली, मुंबईचा शेअरबाजार कोसळला, प्रेमचंदांचे साम्राज्यही कोसळले. पण दान दिलेले होते ते उभे राहिले. १८६९ मध्ये पाया घातलेला मनोरा १८७८ च्या नोव्हेंबरात पूर्ण झाला आणि त्याला प्रेमचंदांच्या आईचे, राजाबाईंचे नाव मिळाले. अंध राजाबाईंना सूर्यास्तापूर्वी जेवणाची वेळ टोल्यांवरून कळावी म्हणून मनोरा बांधला, ही आख्यायिका गोड आहे; तिला आख्यायिकेइतकीच किंमत द्यावी. पारशी आणि जैन पैशाने बांधलेल्या वास्तूत ख्रिस्ताची चित्रे लावणे शक्यच नव्हते. तेव्हा काच आली, कमान आली, गुलाब-खिडकीही आली. प्रश्न उरला, तिच्यात चित्र कसले काढायचे?

याचे जे उत्तर दिले गेले ते मला अतिशय सूचक वाटते. वर्तुळाकार खिडकीच्या बाहेरच्या कड्यात बारा राशी आहेत.

राशिचक्र चर्चला परके नाही. चार्त्रच्या कथीड्रलमध्ये तेराव्या शतकातील एक आख्खी खिडकी राशी आणि बारा महिन्यांच्या शेतीकामांची आहे. म्हणजे स्कॉट यांना परंपरा मोडावी लागली नाही. पण मुंबईच्या संदर्भात या निवडीचा अर्थ बदलतो. सभागृहात बसलेल्या ब्राह्मण, प्रभू, पारशी, गुजराती, मुसलमान, ख्रिस्ती पदवीधरांपैकी बहुतेकांच्या ओळखीची, आणि तरीही कोणा एका धर्माची नसलेली चित्रमाला शोधायची तर राशींइतकी सोयीची दुसरी नाही. मेष, वृषभ, मिथुन ही नावे मराठी मुलाला पत्रिकेतून माहीत असतात. इंग्रजी शिकलेल्याला तीच लॅटिनमधून भेटतात. आणि या दोन्ही नावमालिका एकाच उगमाच्या आहेत, हे त्या काळच्या विद्वानांना ठाऊक होते. वराहमिहिराने 'बृहज्जातका'त राशींची क्रिय, ताबुरि, जितुम, लेय अशी जी नावे दिली आहेत, ती उघडच ग्रीक शब्दांची संस्कृत रूपे आहेत. म्हणजे सहाव्या शतकात उज्जैनकडच्या या ज्योतिष्याने यवनांकडून आलेली विद्या बेधडक आपली म्हणून वापरली, आणि एकोणिसाव्या शतकात तीच विद्या काचेत बसून पुन्हा आली. फरक आहेत; पण ते लहान आहेत. आपला मकर हा मगरीच्या जवळ जाणारा जलचर, युरोपचा मकर म्हणजे मासळीच्या शेपटीचा बोकड. आपली धनु रास नावापुरती धनुष्य, तिकडची अर्धा घोडा आणि अर्धा पुरुष. पदवी घेताना वर पाहणाऱ्या मुलाला स्वतःची रास ओळखता आली असती, आणि तिचा चेहरा थोडा निराळा वाटला असता.

इथे एका मराठी ग्रंथाचे स्मरण होते. राशींचे मूळ आपले की परकीय, या प्रश्नाची मराठीतील अत्यंत साक्षेपी चर्चा शंकर बाळकृष्ण दीक्षित यांच्या भारतीय ज्योतिःशास्त्राच्या इतिहासात आहे. तो १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला. दीक्षितांनी आयुष्य शाळाखात्यात आणि ट्रेनिंग कॉलेजात शिकवण्यात घालवले. मॅट्रिकच्या पुढची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. राशींच्या खिडकीखालून पदवी घेऊन बाहेर पडलेल्या शेकडो बी.ए., एम.ए. मंडळींपैकी कोणालाही जे जमले नाही, ते त्या खिडकीबाहेरच्या माणसाने केले आणि मराठीत केले.

मराठीत केले, हे मुद्दाम म्हणतो. कारण त्या सभागृहात तेव्हा मराठीला जागा नव्हती. विद्यापीठाच्या अगदी आरंभी देशी भाषांना परीक्षेत स्थान होते. १८६० च्या दशकात नियम बदलले आणि पदवीच्या परीक्षांतून मराठी, गुजराती, कानडी यांना निरोप मिळाला. संस्कृत, लॅटिन अशा अभिजात भाषा राहिल्या. धर्माच्या बाबतीत एवढा उदार असलेला हा दरबार भाषेच्या बाबतीत मात्र सोवळा ठरला. रानडे यांनी पुढे कैक वर्षे सीनेटमध्ये हा प्रश्न लावून धरला. काशिनाथ त्र्यंबक तेलंग १८९२ मध्ये पहिले भारतीय कुलगुरू झाले, त्यांच्यानंतर १८९३ मध्ये भांडारकर. म्हणजे त्या अर्धवर्तुळातल्या मुख्य खुर्चीवर मराठी बोलणारा माणूस बसला, पण त्याच्या भाषेला समोरच्या बाकावरसुद्धा जागा नव्हती. अखेर १९०१ मध्ये एम.ए.च्या परीक्षेत देशी भाषांचा प्रवेश झाला. त्याच वर्षी १६ जानेवारीला रानडे गेले. या ओळी लिहिणारा मराठीचा एम.ए. आहे, आपली पदवी ज्या भांडणातून आली ते भांडण कोणत्या छताखाली झाले, हे जाणून घेण्याचे त्याला कुतूहल असणारच.

आता रावबहादूर मकुंद रामचंद्र. राजाबाई मनोऱ्यावर पश्चिम भारतातील जातीजमातींचे चोवीस पुतळे आहेत. त्यांचे नमुने या अभियंत्याने तयार केले. खाली रस्त्यावरून ते नीट दिसत नाहीत, आणि मनोऱ्यावर जाणे बंद असल्याने बहुतेक मुंबईकरांनी ते पाहिलेलेच नाहीत. युरोपच्या कथीड्रलवर जिथे संत आणि राजे उभे असतात, तिथे इथे पागोट्याच्या घड्या, धोतराच्या निऱ्या आणि अंगरख्याचे बंद यांच्यासह साधी माणसे आहेत. देवाच्या जागी राशी आणि संतांच्या जागी जाती, असा हा बदल आहे. पहिला बदल मला निखळ आनंदाचा वाटतो. दुसऱ्याबद्दल तसे म्हणता येत नाही. माणूस म्हणजे त्याची जात आणि जात म्हणजे तिचा पोशाख, ही दृष्टी त्या काळच्या जनगणनेची आणि गॅझेटियरची आहे, आणि ती दगडात कोरली गेली की फार चिवट होते. मकुंद रामचंद्रांची कारागिरी उत्तम; पण त्यांना जी यादी मूर्त करायची होती ती गोऱ्या सरकारच्या चष्म्यातून आलेली होती. त्या मनोऱ्याच्या पायथ्याशी असलेल्या विद्यापीठातून १९१२ मध्ये भीमराव रामजी आंबेडकर बी.ए. झाले. परीक्षेने त्यांना जात विचारली नाही. बाकी सगळ्यांनी विचारली. धर्मनिरपेक्ष खिडकी आणि जातीनिहाय पुतळे हे दोन्ही एकाच आवारात शेजारी आहेत, आणि आपल्या आधुनिकतेचे याहून प्रामाणिक चित्र कोणी मुद्दाम काढले नसते.

स्त्रियांचे म्हणाल तर १८८३ पर्यंत त्यांना ते दार बंद होते. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री-पदवीधर. १८८९ मध्ये त्या ऑक्सफर्डला गेल्या आणि १८९२ मध्ये त्यांनी तिथली कायद्याची परीक्षा दिली. ती पदवी प्रत्यक्ष हातात पडायला १९२० नंतरचा काळ उजाडावा लागला, कारण ऑक्सफर्ड तोवर स्त्रियांना पदवीच देत नव्हते. इथेही वसाहतीतली खिडकी आधी उघडली.

खिडकी, खिडकी असे आपण म्हणतो; पण ही वस्तू बनते कशी, हे मराठीत फारसे कोणी लिहिलेले दिसत नाही, म्हणून थोडे सविस्तर. 'स्टेन्ड ग्लास' हे नावच मुळात फसवे आहे. काचेवर रंग चढवलेला नसतो, तो काचेतच असतो. वितळलेल्या काचेच्या रसात धातूंची भस्मे मिसळतात : कोबाल्टने निळा, मँगेनीजने जांभळा, तांब्याने हिरवा किंवा लाल. तांब्याचा लाल इतका गडद असतो की पूर्ण जाडीची लाल काच जवळजवळ काळी दिसते; म्हणून पांढऱ्या काचेवर लालाचा पातळ थर चढवून ती बनवतात. खरा 'डाग' एकच, तो चांदीच्या क्षाराचा. तो काचेच्या मागच्या बाजूला लावून भट्टीत घातला की काच लिंबापासून केशरापर्यंत पिवळी होते. ही युक्ती युरोपला चौदाव्या शतकाच्या आरंभी सापडली, आणि संतांचे केस व राजांचे मुकुट तेव्हापासून सोनेरी झाले. चेहऱ्याच्या रेषा, वस्त्रांच्या चुण्या आणि छाया मात्र काचेवर रंगवतात. हा रंग म्हणजे लोखंडाचे भस्म आणि काचेची पूड. सहाशे अंशांच्या वर भाजल्यावर तो काचेशी एकजीव होतो.

मग जुळणी. पूर्ण आकाराच्या रेखाटनावर तुकडे मांडतात, तुकड्यांमध्ये शिशाच्या खाचदार पट्ट्या बसवतात, सांध्यांना डाख देतात आणि फटींत लांबी भरतात. पट्टीचा छेद इंग्रजी एच अक्षरासारखा असतो, त्यामुळे दोन्ही बाजूंचे तुकडे तिच्यात अडकतात. तयार फलक दगडी चौकटीत उभा केला की त्याला मागून लोखंडी आडव्या गजांशी बांधतात. नाहीतर वाऱ्याने तो पोटाशी फुगतो. बाराव्या शतकात थिओफिलस नावाच्या साधूने ही कृती लिहून ठेवली आणि तिच्यात मूलतः फारसा बदल झालेला नाही. चित्रकाराला जी काळी रेघ हवी असते ती इथे शिशाची असते. शिसे फक्त तुकडे धरून ठेवत नाही, ते चित्र काढते. चांगल्या आणि सामान्य काचचित्रातला फरक ओळखायचा असेल तर आधी शिशाच्या रेषा पाहाव्यात, रंग नंतर.

मुंबईच्या हवेत या सगळ्याचे हाल होतात. विलायतेच्या करड्या, तिरप्या उजेडासाठी घडलेली ही कला. इथे वर्षातले आठ महिने ऊन भाल्यासारखे येते आणि उरलेले चार पाऊस आडवा मारतो. समुद्राच्या खाऱ्या हवेने लोखंडी गज गंजतात. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे तो दगडी चौकट फोडतो आणि काचेवर दाब देतो. लांबी सुकून झडते, शिसे थकते, फलक वाकतो. रंगवलेल्या रेषांचे दुखणे आणखी निराळे. १८६०-७० च्या काळात अनेक इंग्लिश कारखान्यांनी रंग कमी आचेवर बसावा म्हणून त्यात टाकणखार मिसळला. तो ओलाव्याने विरघळतो आणि चेहरे पुसट होत जातात. मुंबईतले पहिले मोठे काचकाम त्याआधीचे, कुलाब्याच्या अफगाण चर्चचे. १८५८ मध्ये पवित्र झालेल्या या चर्चच्या खिडक्या न्यूकॅसलच्या विल्यम वेल्स यांच्या कारखान्यातून आल्या. त्यानंतर सभागृह, ग्रंथालय आणि व्ही.टी. स्थानक अशी ही कला चर्चमधून बाहेर पडत विद्यापीठात आणि तिथून आगगाडीपर्यंत पोचली. हा प्रवास तीस वर्षांत झाला.

दुरुस्तीची परंपरा मात्र आपल्याकडे नव्हती. फुटलेल्या तुकड्याच्या जागी बाजारातली रंगीत काच किंवा थेट पत्रा ठोकणे हाच उपाय चाले. गेल्या तीन-चार दशकांत हे बदलले, आणि त्याचे मोठे श्रेय स्वाती चांदगडकर यांच्यासारख्या जतनतज्ज्ञांना जाते. ग्रंथालयाच्या काचांवर त्यांनी केलेले काम या क्षेत्रातील पायाभूत काम मानले जाते. विद्यापीठाच्या दीडशेव्या वर्षाच्या सुमारास, २००६-०७ मध्ये, दीक्षान्त सभागृहाचे जतनकाम आभा नारायण लांबा यांच्या मार्गदर्शनाखाली झाले. राजाबाई मनोरा आणि ग्रंथालय यांचे २०१५ मध्ये पूर्ण झाले. २०१८ मध्ये युनेस्कोने मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तूंच्या समूहाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात या इमारती आहेत. फलक काढण्यापूर्वी त्यावर कागद ठेवून शिशाच्या रेषांचा घासून ठसा घ्यायचा, प्रत्येक तुकड्याला क्रमांक द्यायचा, शुद्ध पाण्यात भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने इंच-इंच पुसायचे, तडकलेला तुकडा फेकून न देता कडेला कडा चिकटवायची, अशी ही शिस्त असते. एखाद्या पोथीची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणाऱ्या संपादकाला ती ओळखीची वाटेल : मूळ पाठ जपायचा, आपण घातलेले अक्षर वेगळे ओळखू यावे, आणि ते पुढच्याला काढता यावे.

या इमारतींना गुलामीची खूण म्हणून नाके मुरडणारे आजही भेटतात आणि त्यांना 'आपले वैभव' म्हणून मिरवणारेही भेटतात. दोघांनीही आत जाऊन वर पाहिलेले नसते, असा माझा अनुभव आहे. पाहायचे असेल तर दिवसा जावे आणि आतले दिवे बंद करण्याची विनंती करावी. रंगीत काच बाहेरून पाहिली तर काळपट, मळकट पत्र्यासारखी दिसते. आत काळोख आणि बाहेर उजेड असेल तरच ती बोलते. संध्याकाळच्या समारंभात झुंबरे आणि प्रखर दिवे लागले की आत बसलेल्या पाहुण्यांना खिडक्यांच्या जागी काळे चौकोन दिसतात. त्या वेळी राशींचे रंग ओव्हलच्या बाजूने रस्त्यावर पडतात, आणि ते पाहायला मिळतात चर्चगेटची गाडी गाठायला निघालेल्या कारकुनांना.